विचार एक असले म्हणून माणसे एक होतात का?

दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, मराठवाड्यात गावोगावी ध्वजवंदन होते आणि त्यानंतरच्या भाषणांत एक विचार हमखास मांडला जातो. निजामाच्या विरोधात आपले पूर्वज जातपात, धर्म, पक्ष विसरून एका विचाराने लढले, आज तसा एक विचार उरला नाही म्हणून समाज दुभंगला आहे, असे वक्ते सांगतात. त्यांची तळमळ खरी असते आणि ऐकणाऱ्यांनाही ते मनोमन पटते. मात्र या म्हणण्याच्या पोटात एक गृहीतक दडलेले आहे. माणसांमधली भांडणे मुळात विचारांच्या फरकातून होतात, म्हणून विचार एक झाला की भांडणे मिटतील, असे ते गृहीतक आहे. ते कितपत खरे आहे, हे आपल्याच भागातल्या घटनांच्या आधारे तपासता येते, आणि आजच्या वातावरणात ते तपासणे मला फार गरजेचे वाटते.

विचारसरणी म्हणजे जग कसे आहे, ते कसे असायला हवे आणि तिथवर पोहोचण्यासाठी आपण काय करायचे, याविषयीची एकमेकांत गुंफलेली मते. भक्तिमार्ग, राष्ट्रवाद, साम्यवाद, भाषेची अस्मिता, आंबेडकरी विचार, ही सगळी त्याची उदाहरणे आहेत. अशी विचारसरणी एका प्रश्नाचे उत्तर ठामपणे देते, तो म्हणजे आपल्याला काय हवे आहे. पण एकत्र राहणाऱ्या माणसांसमोर आणखी दोन प्रश्न कायम उभे असतात. निर्णय कोणी घ्यायचा, आणि जे मिळेल त्यातले कोणाच्या वाट्याला किती यायचे. बहुतेक विचारसरण्या या दोन प्रश्नांवर एक तर गप्प असतात, नाही तर ध्येय गाठले की ते आपोआप सुटतील असे मानून चालतात. मला दिसते ते असे की भांडणे बहुतांशी या दोन प्रश्नांवरच पेटतात.

हैदराबाद संस्थानातल्या लढ्याकडेच पाहू. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस उभी राहिली आणि निजाम सरकारने तिच्यावर लगेच बंदी घातली. त्याच सुमारास आर्य समाजाचा आणि हिंदू महासभेचा वेगळा सत्याग्रह चालू होता, विद्यार्थी वंदे मातरम् म्हणण्याच्या हक्कासाठी वर्गाबाहेर पडत होते, आणि तेलंगणात आंध्र महासभेच्या आडून कम्युनिस्ट शेतकऱ्यांना संघटित करत होते. निजामाची राजवट जावी, यावर या सगळ्यांचे एकमत होते. नंतर काय यावे, यावर मात्र ते कधीच नव्हते. जमीन कोणाची, भाषावार प्रांत हवेत की संस्थान अखंड हवे, धर्माचे स्थान काय, या प्रत्येक मुद्द्यावर वाटा वेगळ्या होत्या. खुद्द स्टेट काँग्रेसमध्ये स्वामी रामानंद तीर्थांचा एक आणि बी. रामकृष्णरावांचा दुसरा, असे गट होते. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात सामील झाले आणि समोरचा शत्रू नाहीसा झाला. तेलंगणातल्या कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा मात्र १९५१ पर्यंत चालू राहिला, आणि आता तो भारत सरकारच्या फौजेशी होता. जे कालपर्यंत एकाच राजवटीविरुद्ध झुंजत होते, ते दोन वर्षांच्या आत एकमेकांसमोर उभे होते. यात कोणाचा कमीपणा नाही. एकत्र आणणारी गोष्ट समोरचा विरोधक होती, आणि विरोधकाने बांधलेली मोट तो गेल्यावर सुटते.

याच काळाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. निजामाची राजवट टिकवण्यासाठी हत्यार उचललेले रझाकारही एका विचारानेच बांधलेले होते. त्यांचा नेता कासिम रझवी हा लातूरला वकिली करणारा माणूस. त्या संघटनेतली एकजूट, शिस्त आणि निष्ठा कुठल्याही चळवळीला हेवा वाटावा अशी होती, आणि तिने गावेच्या गावे होरपळून काढली. समान धर्म असूनही मतभेद ठेवणाऱ्याला तिथे जागा नव्हती. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी संस्थान भारतात विलीन व्हावे असे लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या रस्त्यात त्यांचा खून झाला. म्हणजे समान विचार ही आपोआप चांगली गोष्ट नसते. तो माणसांना जोडतो तेव्हा कोणाविरुद्ध जोडतो, हे आधी पाहावे लागते.

ज्या लष्करी मोहिमेने संस्थान भारतात सामील झाले त्या ‘पोलीस कारवाई’नंतर सूडाची लाट आली आणि त्या वेळी मारले गेलेले बहुसंख्य लोक मुसलमान होते. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने संस्थानात फिरून पाहणी केली. तेव्हाचा उस्मानाबाद म्हणजे आजचा धाराशिव, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाल्याचे समितीने नोंदवले आणि मृतांचा आकडा किमान २७ ते ४० हजारांच्या घरात धरला. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. त्यात एक बारीकशी नोंद आहे आणि आपल्या प्रश्नासाठी ती मला सगळ्यात मोलाची वाटते. हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना वाचवल्याची उदाहरणे समितीला ठिकठिकाणी आढळली. एकच धंदा करणाऱ्यांमध्ये ही आपुलकी विशेष दिसली. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांच्या रक्षणासाठी हिंदू जमावाला तोंड दिले आणि त्यात स्वतःचे जीवही गमावले.

त्या विणकरांनी धर्मनिरपेक्षतेवरचे ग्रंथ वाचले असतील असे मला वाटत नाही. त्यांचा धर्म वेगळा होता आणि राज्य कोणाचे असावे याबद्दलची मतेही बहुधा वेगळीच असतील. पण धंदा एकच असल्याने सुताचा भाव चढला की झळ दोघांनाही बसत असणार, आणि मालाला उठाव नसला की दोघांचेही हात रिकामे राहत असणार. वर्षानुवर्षे एकमेकांचे काम पाहिलेले असल्याने समोरचा माणूस त्यांच्या लेखी ‘मुसलमान’ या शब्दात मावत नव्हता. हा माझा तर्क आहे, समितीने कारण दिलेले नाही. तरी आधी पाहिलेल्या रझाकारांशेजारी या विणकरांना उभे केले की समान विचाराने बांधलेली माणसे आणि समान कामाने बांधलेली माणसे यांच्यातला फरक स्पष्ट दिसतो.

मानसशास्त्रज्ञांनी हाच फरक प्रयोगांतून अभ्यासला आहे. १९७० च्या सुमारास हेन्री ताजफेल यांनी इंग्लंडमध्ये शाळकरी मुलांना अगदी फालतू कारणावरून दोन गटांत विभागले. अमुक चित्रकाराची चित्रे तुम्हाला जास्त आवडली, एवढेच त्यांना सांगितले गेले. गटातली इतर मुले कोण, हेही त्यांना ठाऊक नव्हते. तरीही पैसे वाटायची वेळ आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. विशेष म्हणजे आपल्याला एकूण थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त मिळावे, असाही कल दिसला. भांडायला ना जुने वैर होते, ना विचारभेद. रेघ ओढली गेली, तेवढे पुरेसे ठरले.

त्याआधी १९५४ मध्ये मुझफर शेरीफ यांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात उन्हाळी शिबिरात साधारण अकरा वर्षांच्या २२ मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. दोन गट करून त्यांच्यात स्पर्धा लावल्यावर मुले शिवीगाळ आणि झेंडे जाळण्यापर्यंत गेली. मग दोन्ही गटांना नुसते एकत्र जेवायला बसवून पाहिले, तर त्यांनी एकमेकांवर अन्न फेकले. शिबिराचे पाणी बंद पडले आणि दोन्ही गटांनी मिळून बिघाड शोधल्याखेरीज कोणालाच पाणी मिळणार नाही अशी स्थिती आली, अडकलेली मालमोटार सगळ्यांनी एकाच दोरीने ओढावी लागली, तेव्हा कुठे वैर हळूहळू ओसरले. या प्रयोगाची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. शेरीफ यांनी १९५३ मध्ये असेच एक शिबिर घेतले होते आणि ते फसले होते. तिथे मुलांची आधी आपसात मैत्री होऊ दिली आणि नंतर गट पाडले. संशोधकांनी कळ लावायचा प्रयत्न केला तरी ती मुले एकमेकांवर उलटली नाहीत. माझ्या मते यशस्वी प्रयोगाइतकेच हे अपयशही बोलके आहे.

१९५४ मध्येच गॉर्डन ऑलपोर्ट यांनी मांडले की वेगवेगळ्या समूहांचा निव्वळ संपर्क आला म्हणून द्वेष कमी होत नाही. त्या संपर्कात दोन्ही बाजूंचा दर्जा बरोबरीचा हवा, ध्येय समान हवे, ते गाठण्यासाठी खरोखर सहकार्य करावे लागायला हवे आणि कायदा किंवा वडीलधारी सत्ता यांचा त्याला पाठिंबा हवा. यातली दर्जाची अट आपल्याकडे सगळ्यात अवघड ठरली आहे, आणि त्याचा दाखला शोधायला वारकरी परंपरेइतके जवळचे ठिकाण नाही.

ही परंपरा मराठवाड्याच्या रक्तातली आहे. नामदेवांचे नरसी हिंगोली जिल्ह्यात आहे, जनाबाईंचे गंगाखेड परभणी जिल्ह्यात, गोरोबाकाकांचे तेर धाराशिवमध्ये, आणि एकनाथांचे पैठण गोदाकाठी. शिंपी, दासी, कुंभार, ब्राह्मण अशा सगळ्यांनी एकाच विठ्ठलाला आळवले. दिंडीत दोन वारकरी भेटले की वय, जात, पैसा काही न बघता दोघेही एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतात. समतेचा विचार इतक्या सहजपणे शरीरात उतरवणारी रीत जगात क्वचितच असेल. असे असूनही चोखोबांना देवळात प्रवेश नव्हता आणि त्यांची समाधी महाद्वाराच्या पायरीशीच आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे एका दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या, तेव्हा त्यांना दिसले की भजन सगळे मिळून करतात, पण मुक्कामाला पोहोचले की ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत वेगळी बसते. त्या गोष्टीची त्यांना किती खंत वाटली हे त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. पायांवर डोके ठेवणे आणि एका पंगतीत जेवणे या दोन कृतींच्या मधल्या जागेत विचारसरणीची ताकद संपलेली दिसते. भक्तीने सगळ्यांना देव एक दिला, पण पंगत कोणी मांडायची आणि कोणाला कुठे बसवायचे हा अधिकार गावगाड्याने आपल्याच हातात ठेवला.

म्हणून भक्तीचा विचार निरुपयोगी होता, असे म्हणणे मोठा अन्याय ठरेल. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले आणि मंदिराची दारे उघडली. त्यासाठी त्यांना बाहेरून नवे तत्त्वज्ञान आणावे लागले नाही. संतांचेच शब्द त्यांनी बडव्यांसमोर आणि महाराष्ट्रासमोर ठेवले. सामायिक विचाराचे खरे बळ मला इथे दिसते. तो भांडण मिटवत नाही, पण ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्या हातात असा मुद्दा देतो की अन्याय करणाऱ्याला तो सरळ नाकारता येत नाही, कारण तोही तेच अभंग गात असतो. अर्थात त्यासाठी कोणाला तरी जिवावर उदार व्हावे लागले आणि सहाशे वर्षे जावी लागली, हेही विसरता येत नाही. १९७२ च्या दुष्काळात बाबा आढाव गावोगावी फिरले आणि ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ उभी राहिली. ज्या गावांत सगळ्या जातींची माणसे दुष्काळी कामावर शेजारी शेजारी बसून खडी फोडत होती, तिथेही पाण्याच्या जागा वेगळ्या होत्या. संकट समान होते, श्रम समान होते, दर्जा मात्र समान नव्हता.

एका विचाराच्या माणसांमध्ये फूट कशी पडते याचे सगळ्यात वेदनादायक उदाहरण नामांतराचे आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केला आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या अनेक गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. ठराव बासनात गेला आणि नामांतर प्रत्यक्षात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. विरोध करणाऱ्यांत फक्त प्रतिगामी माणसे नव्हती. हैदराबाद मुक्तिसंग्रामात सर्वस्व दिलेले गोविंदभाई श्रॉफ विरोधात होते, ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव विरोधात होते. बाजूने उभे राहिलेल्यांत एस. एम. जोशी आणि बाबा आढाव होते. समता, लोकशाही, धर्मनिरपेक्षता या शब्दांवर या सगळ्यांचे एकमत होते. एका बाजूला मराठवाड्याचे नाव ही मुक्तिसंग्रामातून मिळालेली अस्मिता वाटत होती, दुसऱ्या बाजूला विद्यापीठाच्याच औरंगाबाद शहरात (आजचे छत्रपती संभाजीनगर) १९५० साली मिलिंद महाविद्यालय उभारून हजारो घरांत पहिला पदवीधर घडवणाऱ्या माणसाचे नाव नाकारले जाणे हा पुन्हा गावकुसाबाहेर ढकलण्याचा प्रकार वाटत होता. मला दुसऱ्या बाजूचे म्हणणे न्याय्य वाटते.

गावपातळीवर तर नाव हे निमित्तच होते. शिकून नोकरीला लागलेली मुले, गावकीची कामे नाकारणारी घरे, गायरानाची कसायला घेतलेली जमीन, यांचा राग त्या निमित्ताने बाहेर पडला. शेवटी तोडगा निघाला तो ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा, ज्यात दोन्ही नावे राहिली. तोवर सोळा वर्षे गेली होती. दोन्ही बाजूंचे विचार जुळले म्हणून हा तोडगा निघाला नाही. दोघांनाही आपले काही तरी राखता आले म्हणून तो टिकला, आणि आज त्या विद्यापीठात सगळ्या समाजांची मुले शिकतात.

समविचारी माणसेच अधिक कडवटपणे का फुटतात, हा प्रश्न इथे ओघाने येतो. चक्रधरस्वामींचा महानुभाव पंथ पुढे वेगवेगळ्या आम्नायांत, म्हणजे शाखांत, विभागला. भारतीय कम्युनिस्ट पक्ष १९६४ मध्ये दुभंगला. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षात लवकरच गट पडले, आणि १९७२ साली निघालेल्या दलित पँथरचे नामदेव ढसाळ आणि राजा ढाले दोनच वर्षांत वेगळे झाले. जगातही वेगळे घडलेले नाही. १९१४ मध्ये कामगारांना देश नसतो म्हणणाऱ्या जर्मन समाजवाद्यांनी संसदेत युद्धखर्चाच्या बाजूने मत दिले. १९६९ मध्ये चीन आणि सोव्हिएत संघ हे दोन साम्यवादी देश उसुरी नदीवर एकमेकांवर गोळ्या झाडत होते. १९७१ मध्ये एका धर्माच्या पायावर उभा राहिलेला पाकिस्तान भाषा आणि सत्तेच्या वाटपावरून फुटला.

याचे कारण असे की विचार जितका पवित्र मानावा, तितका त्याचा अर्थ कोण सांगणार हा प्रश्न जिव्हारी लागतो. परक्याशी मतभेद असणे आपण गृहीतच धरतो. आपल्यातला माणूस थोडा वेगळा बोलला की ती चूक न वाटता गद्दारी वाटते. त्यातच, मतभेद झाला तर तो सोडवायचा कसा याचा नियम बहुतेक चळवळींनी आधी ठरवलेलाच नसतो, कारण आपल्यात मतभेद होतील ही कल्पनाच त्यांना अशुभ वाटते. माझ्या पाहण्यात ज्या संस्था टिकल्या त्या फार एकमताच्या नव्हत्या. तिथे मतदान व्हायचे, हिशेब वाचला जायचा, पदाची मुदत संपली की माणूस खुर्ची सोडायचा.

वाट्याचा प्रश्न तर याहून जुना. भावकीत कुलदैवत एक, आडनाव एक, सुतक एक, तरीही बांध कोरण्यावरून तालुक्याच्या कोर्टात पिढ्यान्‌पिढ्या तारखा चालतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सात हजारांहून अधिक माणसे गेली. पहिल्या दिवसांत ढिगारे उपसताना कोणी कोणाची जात विचारली नाही असे त्या भागातले लोक आजही सांगतात, आणि ते खरेच असणार. मग पुनर्वसनाचा टप्पा आला. बावन्न गावे पूर्णपणे नव्या जागी वसवायची होती, आणि कोणाला किती मोठे घर द्यायचे हे कुटुंबाकडे जमीन किती होती यावर ठरले. भूमिहीनाला सर्वांत लहान घर मिळाले. भूकंपाने सगळ्यांना एका रात्रीत उघड्यावर आणले होते. सरकारी नियमाने जुनी उतरंड नव्या गावठाणात पुन्हा आखून दिली.

याउलट वाट्यावर एकमत नसताना नियमामुळे संघर्ष आवाक्यात राहिल्याचे उदाहरण म्हणजे गोदावरीवरचे पैठणजवळचे जायकवाडी धरण. नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाडा इथल्या माणसांची भाषा एक, राज्य एक, देव एक आणि पक्षही तेच. पण अपुरा पाऊस पडलेल्या वर्षी वरच्या धरणांतून नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, पाणी सोडायचे का, यावर एकाच पक्षाचे वरचे आमदार एका बाजूला आणि खालचे दुसऱ्या बाजूला असतात. २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याने २०१४ मध्ये एक सूत्र घालून दिले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांनी ठरलेल्या प्रमाणात पाणी खाली सोडायचे. ते सोडताना काय काय करावे लागते हे जवळून पाहण्यासारखे आहे. नदीवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या जातात, काठावरच्या मोटारींनी पाणी उचलले जाऊ नये म्हणून त्या पट्ट्यातली वीज बंद ठेवली जाते, बंदोबस्त लावला जातो, आणि तरीही कोरड्या पात्रात बरेच पाणी मुरते. आंदोलने होतात, लोक कोर्टात जातात, टक्केवारी बदलावी अशी मागणी होते. कोणीही पूर्ण समाधानी नसतो. पण नाशिकच्या शेतकऱ्याने पैठणच्या शेतकऱ्यावर प्रेम करावे, अशी या नियमाची अट नाही. आकडा दोघांना दिसतो, तारीख दोघांना माहीत असते आणि दाद मागायला जागा असते, एवढ्यावर वाद नदीच्या पात्रात न उतरता कागदावर राहतो.

असा नियम मान्य व्हायला मात्र काही किमान समान भावना लागते, आणि इथे विचारसरणीचे काम पुन्हा सुरू होते. पाणी राज्यातल्या सगळ्यांचे आहे, नुसते धरणाच्या शेजाऱ्यांचे नाही, हे तत्त्वच पटले नसेल तर ६५ हा आकडा कोणी ऐकून घेणार नाही. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते की २६ जानेवारीपासून आपण विसंगतीच्या जीवनात पाऊल ठेवत आहोत, राजकारणात समता असेल आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता. बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता टिकणार नाहीत, असेही त्यांनी सांगितले. संविधान हे माझ्या मते या अर्थाने वेगळे आहे. इतर विचारसरण्या मतभेद संपतील असे गृहीत धरतात, आणि संविधान मतभेद राहतील असे धरून ते कसे हाताळायचे याची व्यवस्था लावते.

मतभेद न संपवता नाते राखण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. एकनाथांनी सोळाव्या शतकात पैठणला ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात ब्राह्मण आणि मुसलमान एकमेकांच्या देवाची, कर्मकांडाची, शिवाशिवीची अगदी बोचऱ्या शब्दांत उलटतपासणी करतात. कोणी कोणाला सोडत नाही. शेवटी समेट होतो आणि दोघे आदराने एकमेकांना भेटतात, पण ब्राह्मण ब्राह्मणच राहतो आणि मुसलमान मुसलमानच. नाथांनी दोघांना एका विचाराचे केले नाही. दोघांना पूर्ण बोलू दिले आणि दोघांचेही दोष उघडे पडू दिले. त्या काळच्या सत्तेची आणि समाजाची घडी लक्षात घेता हे धाडस थोडे नव्हते.

आज हा सगळा प्रश्न जालना जिल्ह्यात अंबड तालुक्यात येऊन उभा आहे. २०२३ मध्ये अंतरवाली सराटीतून मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटले आणि २०२४ मध्ये तिथून जवळच असलेल्या वडीगोद्रीत ओबीसी आरक्षणाच्या बचावासाठी उपोषण झाले. दोन्ही मंडपांत शिवरायांचे नाव होते, फुले, शाहू, आंबेडकरांचे नाव होते. दोन्हीकडे कोरडवाहू शेतीने पिचलेली, मुलांच्या फीची आणि नोकरीची घोर चिंता असलेली माणसे होती. विचारांच्या पातळीवर त्यांच्यात अंतर शोधायला गेले तर फारसे सापडणार नाही. अंतर आहे ते मोजक्या जागांचे. त्यामुळे एकोप्याचे आवाहन, समतेच्या शपथा आणि सर्वपक्षीय पत्रके यांनी गावातला ताण उतरलेला नाही, आणि ज्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या लग्नात राबलेली घरे आता एकमेकांना टाळतात, तिथे तो पत्रकांनी उतरणारही नाही.

तिथे आधी लागेल ती दोघांनाही मान्य होईल अशी मोजणी : कोणत्या समाजाकडे किती जमीन, किती शिक्षण, किती नोकऱ्या आणि किती कर्ज आहे. ती करणारी संस्था अशी हवी की तिचे निष्कर्ष आपल्याविरुद्ध गेले तरी दोन्ही बाजू ते स्वीकारतील. आजवरच्या बहुतेक आयोगांवर एका ना एका बाजूचा अविश्वास राहिला आहे. त्याबरोबरच वाटायच्या जागाच इतक्या कमी का आहेत, हा प्रश्न दोन्ही मंडपांनी मिळून सरकारला विचारायला हवा, आणि शेरीफ यांच्या शिबिरातल्या पाण्याच्या बिघाडाप्रमाणे तो एकट्याने सुटणारा नाही. फुले, शाहू, आंबेडकर यांची नावे घेणाऱ्याकडून त्या विचाराची अपेक्षा एवढीच आहे की मोजणीचा आकडा आपल्या सोयीचा निघाला नाही, तरी त्याने तो खोटा म्हणू नये.